दुसऱ्या घड्याळातले बारा

"त्या बाईला फासावर चढवा असं मी म्हणत नाही," समोर बसलेला तरुण म्हणाला. "पण ती सुटता कामा नये. तेवढा पुरावा मला मिळवून द्या."

मास्तरांनी वही पुढे ओढली. सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण त्यांनी जन्मात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांचा धंदा खाजगी तपासाचा. प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे बघत बसायचं, ही त्यांची खोड. भल्याभल्यांना त्यामुळे गृहपाठ न केल्यासारखं वाटे, आणि त्यावरून हे नाव पडलं. शेजारच्या खुर्चीतला कंपाउंडर मात्र अस्सल कंपाउंडर होता. उभा जन्म त्यानं एका डॉक्टरच्या दवाखान्यात बाटल्या भरण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर घरात बायकोच्या पायापायात नको, म्हणून तो मास्तरांबरोबर हिंडायचा. तपासात त्याचा उपयोग काय, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

"सुरुवातीपासून सांगा," मास्तर म्हणाले.

तरुणानं सांगितलं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. सांभाळायला एक बाई ठेवली, तिला घरात सगळे मावशी म्हणत. थोरली बहीण वडिलांजवळच राहते, पण दिवसा तिची नोकरी. हा स्वतः नोकरीसाठी पार पूर्वेला, समुद्रापलीकडच्या शहरात राहतो. तीन वर्षांनी पहिल्यांदाच गेल्या मंगळवारी घरी यायला निघाला होता.

"सकाळी सहाला विमान सुटलं, म्हणजे तुमच्या इकडच्या घड्याळानं सहाला. संध्याकाळी साडेपाचला उतरलो. अगदी वेळेवर, उलट पाच मिनिटं आधीच टेकलं. उतरल्या उतरल्या घरी फोन लावला, तर एंगेज. बाहेर आलो तर ताई खांबाला धरून रडत होती. बाबा बाहेरच्या खोलीत फोनजवळ पडलेले सापडले. डोक्याला मार, आणि हृदय बंद. डॉक्टर म्हणाले, पडले आणि गेले."

"आणि मावशी?"

"घरात नव्हती. पोलिसांना म्हणाली, दहाच मिनिटं गेले होते. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, तीनच्या सुमारास ती बसमध्ये चढली आणि पाचला उतरली. पलंगाच्या कठड्याची पट्टी काढून ठेवलेली. फोनवरून शेवटचा नंबर लावलेला विमानतळाच्या चौकशीचा. मी कधी येतोय ते बघून बाहेर हुंदडायला गेली, दुसरं काय?" तो खुर्चीत पुढे सरकला. "साडेआठ हजार किलोमीटर आहे इथून. बाबा नेहमी विचारायचे, एवढ्या लांब कशाला जातोस? मी म्हणायचो, अहो, अंतर जाताना तेवढंच, येताना तेवढंच, हाक मारा की आलोच. आणि ते तिथे पडले तेव्हा मी वर ढगात बसून सिनेमा बघत होतो. मी काय करू शकत होतो, सांगा ना."

कंपाउंडरनं उगाच आपला चष्मा पुसला.

*

घर नदीपलीकडे होतं. पुलावर वारा असा तोंडावर येत होता की कंपाउंडरला तीनदा थांबून कठड्याला टेकावं लागलं. मास्तर आपले काडीसारखे, पण मान खाली घालून चालतच राहिले.

"पोटाला जरा आवर घाल आता," ते म्हणाले.

"पोटाचं काही नाही. वारा आडवा आलाय," कंपाउंडर धापा टाकत म्हणाला.

पहिल्या मजल्यावरच्या त्या घराचं दार बहिणीनं उघडलं. चाळिशीची, रात्र रात्र न झोपलेली बाई. भावाकडे बघून ती म्हणाली, "आणलंस का शेवटी यांना? अरे, बाबा परत येणार आहेत का? तक्रार मागे घे आणि सोडून दे बिचारीला."

"बिचारी कसली? ताई, तू तिची बाजू का घेतेस तेच मला कळत नाही."

बहिणीनं ओठ घट्ट मिटले. कंपाउंडरनं ते टिपलं आणि मास्तरांकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. मास्तर चपला काढत होते.

वडिलांची खोली लहान आणि नीटनेटकी. पलंग, त्याला सुतारानं बसवलेला लाकडी कठडा. कठड्याची कडी बाहेरच्या बाजूला, आतल्या माणसाचा हात पोचू नये अशी. पण कडी जिच्यात अडकायची ती आतल्या बाजूची पितळी पट्टीच निघाली होती आणि उशीजवळ ठेवलेली होती. पलंगाच्या डावीकडे औषधांचं टेबल. तिथे कंपाउंडरला आपलं राज्य सापडलं. बाटल्या, गोळ्या, मापं, सगळं जागच्या जागी. फक्त एक गोष्ट त्याला खटकली.

"औषधाचा चमचा असा वापरतात का? कड बघा, पार वाकवून ठेवलीय," तो नापसंतीनं म्हणाला. "आणि गोळ्यांच्या डबीच्या झाकणात हे काय? स्क्रू?"

झाकणात दोन छोटे स्क्रू शेजारी शेजारी ठेवलेले होते, डोकी एकाच दिशेला करून. मास्तरांनी झाकण न हलवता बराच वेळ ते बघितले.

"मावशीचेच उद्योग," मुलगा दारातून म्हणाला. "सारखी कडी काढायचा कंटाळा. पट्टीच उचकटून टाकली."

"उचकटलेली नाही. काढलेली आहे," मास्तर म्हणाले.

पलंगासमोरच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. दोन्ही जुनी, लंबकाची, आणि दोन्ही चालू. पहिल्यात साडेअकरा झाले होते. दुसऱ्यात आठ.

"हे दुसरं तुमच्या शहराच्या वेळेला लावलंय का?" कंपाउंडरनं मुलाला विचारलं.

"नाही. तिकडे आता दुपारचे चार. बाबांचं ते... स्वारीचं घड्याळ होतं. घरातलं कोणी प्रवासाला निघालं की ते त्याच्यावर काहीतरी लावून बघत बसायचे. मी लहान असल्यापासून. आता बिघडलं असेल."

"घड्याळजीच्या घरातलं घड्याळ साडेतीन तास मागे, आणि चालतंय टिकटिक," मास्तर म्हणाले. ते बहिणीकडे बघत होते. ती घड्याळांकडे पाठ करून उभी होती, आणि खोलीत आल्यापासून तिनं एकदाही मान वर केली नव्हती.

मास्तर तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. कंपाउंडर अर्थातच पाठोपाठ.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"सकाळी बाबांचं सगळं आवरून ऑफिसात. तिथून परस्पर विमानतळावर. साडेतीनला पोचले." ती नळ सोडून तशीच उभी राहिली. "विमान दोन तास उशिरा होतं. आधी म्हटलं, बाबांना कशाला उगाच घोर? मग राहवेना. साडेचारच्या पुढे घरी फोन लावत सुटले. सारखा एंगेज. वाटलं, मावशी कोणाशी तरी बोलत बसलीय. पाच वाजून गेल्यावर खालच्या शिंप्यांचा मला फोन आला."

"वडिलांचं बोलणं कळत होतं?"

"आम्हाला कळायचं. मावशीला तर अर्ध्या शब्दात. परक्या माणसाला मात्र..." तिनं मान हलवली.

फोन बाहेरच्या खोलीत, तिपाईवर. शेजारी भिंतीवर पेन्सिलनं विमानतळाचा नंबर. तिपाईला लागून एक हलकी वेताची खुर्ची, बसायला कोणी ठेवणार नाही अशा अडचणीत. फरशीवर पलंगापासून इथपर्यंत खरडल्याचे पुसट ओरखडे, मध्ये मध्ये तुटलेले. मास्तरांनी शेवटचा नंबर पुन्हा लावायचं बटण दाबलं आणि कंपाउंडरला ऐकू यावं म्हणून रिसीव्हर थोडा तिरका धरला.

"विमानतळ चौकशी," एक बाई म्हणाली.

मास्तरांनी गेल्या मंगळवारचं विचारलं. दुपारी चारच्या सुमारास या भागातून कोणी फोन केला होता का?

"अहो, रोज शेकडो फोन येतात. कसं सांगणार?" मग ती थांबली. "हां, एक दारुडा होता. दोनदा फोन केला त्यानं. नुसता घशातून आवाज काढत होता, एक शब्द कळेल तर शपथ. ठेवून दिला मी."

"आणि पूर्वेकडून येणारं विमान त्या दिवशी दोन तास उशिरा होतं ना?"

"छे, ते वेळेवर होतं. आठवडाभर वेळेवरच आहे."

मास्तरांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. त्यांचा चेहरा कंपाउंडरला आवडला नाही.

*

खालचा शिंपी मशीनवरून उठला नाही, पण पाय थांबवून बोलला.

"भला माणूस हो. तीन वर्षांपूर्वी पोरगा गेला तेव्हा चार दिवस सगळ्या आळीला सांगत होते, माझ्या पोराचं विमान माझ्या घड्याळावर चालतं म्हणून. आम्ही हसायचो." त्यानं दोरा तोंडात धरून तोडला. "त्या दिवशी? हो, ऐकलं ना. चारच्या सुमाराला वर काहीतरी ओढत होते. ओढलं, थांबलं. पुन्हा ओढलं, थांबलं. बराच वेळ. म्हटलं, पोरगा येतोय, सामान हलवतायत. वर जाऊन बघावं असं काही डोक्यातच आलं नाही माझ्या."

हे शेवटचं वाक्य तो दोनदा बोलला.

चौकीतली मावशी लहानखुरी निघाली. गजाआड ती बाकाच्या टोकावर बसली होती, कोणी उठवलं तर लगेच उठता यावं अशी. मास्तरांना तिथे ओळखत असल्यानं बोलू दिलं.

"दहा मिनिटं म्हणाले ते खोटं, साहेब," तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "घाबरले मी. त्यांनीच पाठवलं मला. लेक येतोय, दाढी करायची, गोल डबीतला साबणच पाहिजे. इथे मिळेना म्हणून बसनं बाजारात गेले. येताना डोळा लागला. आनंदाच्या भरात ते दोन रात्री झोपले नव्हते, मग मला झोप कुठली? शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उठवलं. तिथून उलटी आले."

"फोन तुम्ही केला होता?"

"मला नंबरसुद्धा वाचता येत नाही तो, इतका बारीक लिहिलाय. आणि कडी मी लावूनच गेले होते. माझ्या हातानं."

"निघताना ते काही म्हणाले?"

ती जरा आठवत राहिली. "सकाळपासून एकच. बाराला किती राहिले? दुपारी तीनलासुद्धा तेच. मी म्हटलं, बाबा, बारा कधीच वाजून गेले की. तर चिडले माझ्यावर. मला समजेना काय ते. आजाऱ्याचं डोकं, म्हटलं, चालायचंच." तिनं पदरानं नाक पुसलं. "साहेब, उद्या तुम्ही मला सोडवाल कदाचित. पण जिच्या हातून म्हातारा मेला तिला परत कोण आपल्या आईबापाजवळ बसू देईल? मला दुसरं काही येत नाही हो."

कंपाउंडरला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. दवाखान्यात तो ते रोज बोलायचा. पण इथे त्यानं नुसता खिशातला रुमाल गजातून पुढे केला.

परतताना पूल त्यांनी झपाझप ओलांडला. वारा आता पाठीला होता आणि कंपाउंडरचे पाय आपोआप पडत होते, त्यामुळे तोंडही मोकळं सुटलं.

"ती बहीणच, मास्तर. विमान उशिरा होतं म्हणाली, ते धडधडीत खोटं. साडेतीनपासून ती कुठे होती कोणास ठाऊक. घरीच असेल. वरून मावशीला सोडा म्हणते, मनाला खातं म्हणून. वर्षभर आजारपण काढून जीव मेटाकुटीला आला असणार बिचारीचा. मी असे खूप बघितलेत."

मास्तर पुलाच्या टोकाला थांबले आणि मागे वळून पाहू लागले.

"जाताना किती वेळ लागला रे आपल्याला?"

"असतील वीस-पंचवीस मिनिटं."

"आणि येताना?"

"दहासुद्धा नाही. का?"

मास्तर तसेच घरी निघाले. दोन दिवस ते खोलीबाहेर पडले नाहीत. कंपाउंडर डबा घेऊन जायचा, तर डबा तसाच परत यायचा. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "दुसरी वाट सापडली तर बघत होतो. नाही सापडली. चल."

*

दुपारी तीनच्या सुमारास ते चौघं वडिलांच्या खोलीत जमले. बहीण भिंतीला टेकून उभी, मुलगा पलंगाच्या कडेवर. पहिल्या घड्याळात सव्वातीन झाले होते, दुसऱ्यात पावणेबारा.

"मावशीनं फोन केला नाही, पट्टी काढली नाही," मास्तर म्हणाले. "ती बाहेर गेली आणि बसमध्ये झोपली, एवढाच तिचा दोष. या घरात त्या दुपारी चारला दुसरं कोणीही नव्हतं."

"मग पट्टी आपोआप निघाली?" मुलगा म्हणाला.

"तुमच्या वडिलांनी काढली. डाव्या हातानं, औषधाच्या चमच्याच्या कडेनं. कंपाउंडरला चमचा वाकलेला दिसला, पण तो औषधाच्या नजरेनं बघत होता. स्क्रू झाकणात ठेवलेले होते, ओळीनं. पट्टी उचकटणारा माणूस स्क्रू फेकून देतो. हरवू नये म्हणून झाकणात ठेवतो तो जन्मभर घड्याळं उघडत बसलेला माणूस. मरणाची घाई असतानासुद्धा तो हात तसाच वागला."

बहिणीनं तोंडावर पदर धरला.

"मग वेताच्या खुर्चीवर भार टाकून, ती ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत ते फोनपर्यंत गेले. तो आवाज शिंप्यानं ऐकला. ओरखडे तुटक आहेत ते त्यामुळे. विमानतळाला फोन त्यांनी लावला. दोनदा. तिथल्या बाईला त्यांचा शब्द कळला नाही. तिला वाटलं, कोणी पिऊन बोलतोय. मग रिसीव्हर हातात असतानाच ते पडले, म्हणून बहिणीला घरचा फोन एंगेज लागत राहिला."

"बाबांनी?" मुलगा पुटपुटला. "पण कशासाठी? साडेपाचला मी येणारच होतो. मावशीला पाठवलं तेव्हा तर खुशीत होते."

"तीनपर्यंत खुशीत होते. म्हणजे जे झालं ते तीननंतर. या खोलीत तीननंतर काय घडलं? कोणी आलं नाही, फोन वाजला नाही." मास्तरांनी भिंतीकडे बोट केलं. "एकच गोष्ट घडली. त्या घड्याळात बारा वाजले."

कंपाउंडरनं दोन्ही घड्याळांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्याच्या डोक्यात प्रकाश पडत होता, पण नेहमीप्रमाणे सावकाश.

"ते घड्याळ बिघडलेलं नाही," मास्तर पुढे म्हणाले. "ते कुठल्याच गावची वेळ दाखवत नाही. ते उरलेला प्रवास दाखवतं. प्रवास जितक्या तासांचा, तितके तास बाराच्या मागे काटे लावायचे. निघणारा निघाला की लंबक सोडायचा. काटे बारावर आले की माणूस पोचला. तुम्ही तिकडे गेलात तेव्हा बाराला टेकताच तुमचा फोन वाजला असणार. म्हणून तर पोराचं विमान माझ्या घड्याळावर चालतं म्हणायचे. आणि म्हणूनच मावशीला विचारत होते, बाराला किती राहिले. ती वर्षभरापूर्वी आलेली, तिला हा प्रकार ठाऊकच नव्हता."

"बरोबर आहे," मुलगा हळूच म्हणाला. "विमान टेकलं की दार उघडायच्या आत फोन करायचा, असं ठरलेलं होतं."

"मंगळवारी दुसऱ्या घड्याळात बारा वाजले, तेव्हा पहिल्यात साडेतीन झाले होते. दोन घड्याळांतला फरक आजही तेवढाच आहे. विमान उतरलं साडेपाचला. त्यांच्या हिशेबानं विमान टेकलं आणि फोन आला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. जन्मभराचा धंदा होता तो, घड्याळ चुकेल असं त्यांच्या मनातही येणार नाही. मग काय चुकलं? विमान. समुद्रावर कुठेतरी." मास्तरांनी रिकाम्या उशीकडे पाहिलं. "घरात कोणी नाही, बोलता येत नाही, उठता येत नाही. त्यांनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं."

"म्हणजे घड्याळ चुकीचं लावलं होतं," मुलगा उठून उभा राहिला. "दोन तास चुकीचं. कोणी लावलं?"

"मी," बहीण म्हणाली. "बाबांचा हात चालत नव्हता. सकाळी सहाला मीच अडीचवर काटे लावले. ते पलंगावरून बघत होते. माझीच चूक, बस. आता पुरे, मास्तर. हात जोडते."

"ताई, अडीचवर का? साडेनऊ तास कुठून आणलेस?"

तिनं घड्याळाकडे पाठ फिरवली. पण या वेळी मास्तर समोरच्याकडे बघत बसले नाहीत, स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिले. कंपाउंडरला कळलं की मास्तरांना हे उत्तर ऐकायचं नाही.

"तुमची बहीण मला म्हणाली, विमान दोन तास उशिरा होतं," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात, वेळेवर होतं. चौकशीतली बाईही तेच म्हणाली. कंपाउंडरला वाटलं, बहीण स्वतःला लपवतेय. ती दुसऱ्या कोणाला तरी लपवत होती. विमानतळावर पोचल्यावर तिला खरंच वाटलं होतं की उशीर झालाय. नंतर कधीतरी तिला उमजलं, आणि तेव्हापासून सगळा दोष विमानावर राहावा अशी तिची धडपड होती. मावशीही सुटावी आणि तुम्हालाही कळू नये, म्हणून तक्रार मागे घे म्हणत होती. पण तुम्ही घेतली नाहीत."

"मला काय कळू नये?"

"विमानात बसताना तुम्ही बहिणीला फोन केला होता?"

"केला होता. बाबा मागून विचारत होते, म्हणाली, किती तास ते सांग, काटे लावायचेत. मी गडबडीत होतो, रांग सरकत होती. म्हटलं, तिकडे जाताना साडेनऊ लागले होते, तेवढेच. अंतर काय बदल..."

वाक्य त्याच्या तोंडात अर्धंच राहिलं.

"अंतर तेवढंच आहे," मास्तर म्हणाले. "पण वर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तिकडे जाताना तो पाठीवर असतो. इकडे येताना तोंडावर. जायला साडेनऊ तास, यायला साडेअकरा. परवा पुलावर कंपाउंडरच्या पायांना जे कळलं ते मला घरी जाऊन सुचलं. तुम्ही पहिल्यांदाच परत येत होता. तुम्हाला कळण्याचं काही कारण नव्हतं."

"तिकिटावर उतरायची वेळ होती," मुलगा म्हणाला. "मी हिशेबच केला नाही. नुसते दोन आकडे, तिकडचे आणि इकडचे. बाबांनी मला लहानपणी याच घड्याळावर हिशेब शिकवला होता."

"हे मला सांगायचं नव्हतं," मास्तर म्हणाले. "पण ती बाई तिकडे बाकावर बसलीय. दोघांना वाचवता येत असतं तर वाचवलं असतं."

बहीण भावाजवळ आली, त्याला पलंगाच्या कडेवर बसवलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. कंपाउंडरनं वर पाहिलं. दुसऱ्या घड्याळाचे काटे एकमेकांवर येत होते. त्याला वाटलं, उठून लंबक धरावा, कोणाच्या लक्षात यायच्या आत. पण सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. बाराचे ठोके पडू लागले, आणि ते चौघं शेवटच्या ठोक्यापर्यंत जागच्या जागी थांबून राहिले. मग खोलीत फक्त टिकटिक उरली. मुलगा उघड्या दारातून बाहेरच्या खोलीतल्या फोनकडे बघत होता, तो वाजणार नाही हे ठाऊक असूनही.

किती वेळानं कोण जाणे, तो उठला. तिपाईजवळ गेला आणि चौकीचा नंबर लावला.

"मी... त्या मावशी... मला ती तक्रार..."

पुढचा शब्द त्याच्या घशातून बाहेर येईना. तो प्रयत्न करत होता. छाती हलत होती, ओठ हलत होते, आणि येत होता तो नुसता आवाज. रिसीव्हरमधला हवालदार खोलीभर ऐकू येत होता.

"हॅलो? कोण बोलतंय? अहो, नीट बोला. काही कळत नाहीये. पिऊन फोन केलाय का?"

फोन पलीकडून ठेवला गेला.

कंपाउंडर पटकन पुढे झाला, रिसीव्हर आपल्या हातात घ्यायला. मास्तरांनी त्याचं कोपर धरलं आणि मानेनंच नको म्हटलं. मुलगा थोडा वेळ रिसीव्हर छातीशी धरून उभा राहिला, वेताच्या खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकून. मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून नंबर लावायला घेतला.